स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा

नवे स्पीकर घरात आले की बहुधा शोकेसच्या कप्प्यात नाहीतर कोपऱ्यात जाऊन बसतात. आवाज मनासारखा लागला नाही, तर लोक ते बदलायच्या मागे लागतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे : पैसे घालण्याआधी ते दोन फूट पुढे ओढून पाहा.

स्पीकरचा थेट आवाज कानावर येतो, त्यापाठोपाठ काही सहस्रांश सेकंदांत भिंती, छत आणि फरशीवरून परतलेला आवाज येतो. कान दोन्ही मिळून एकच धरतो. पण त्या मिसळणीत ख्यालातल्या बारीक जागा पुसट होतात.

खालच्या स्वरांचं दुखणं याहून हट्टी. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 344 मीटर धावतो. त्या हिशेबाने बारा फुटी खोलीत, समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 47 हर्ट्झची लहर अडकून घुमत राहते. तिच्या दुप्पट-तिपटीच्या लहरीही तशाच. भिंतीला टेकून बसलात तर त्या फुगून ऐकू येतात आणि खोलीच्या अगदी मध्यावर 47 ची लहर जवळपास गायब होते. कोपऱ्यातला स्पीकर या सगळ्यांना एकदम चेतवतो. मग डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड कळत नाही, नुसतं ढुम्म ढुम्म ऐकू येतं. लांबी-रुंदी सारखी असलेल्या चौरस खोलीत हा त्रास दुणावतो.

म्हणून दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा. उंच स्वरांचा छोटा ट्वीटर कानाच्या पातळीला हवा. मागची आणि बाजूची भिंत स्पीकरपासून सारख्याच अंतरावर नको. सोफाही भिंतीपासून थोडा सुटा असावा.

आता भिंतींकडे. 1895 साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं एक व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेलं समजेना. तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबाइन यांनी सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या तिथे आणून, त्या कमी-जास्त करत घुमण्याचा काळ मोजला. खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या गाद्यांवर घातला गेला. आपल्या फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स, प्लास्टर आणि काचा. आवाज शोषणारं फार थोडं. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट यांनी बराच फरक पडतो. कुठे काय लावायचं हे आरसा सांगतो. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथे जाड पडदा सोडा.

इंचभर फोम किंवा अंड्यांचे ट्रे मात्र खर्जाला रोखत नाहीत. 80 हर्ट्झची लहर चार मीटरांहून लांब असते. पातळ फोम वरचे स्वरच गिळतो आणि खोली कोंदट वाटू लागते. खर्जासाठी जाडी लागते. कोपऱ्यात उभी केलेली कापसाची जाड गादी थोडीफार मदत करेल, पण खरा उतारा जागा बदलण्यातच आहे. ओळखीची एकच ध्वनिमुद्रिका लावून स्पीकर सहा-सहा इंच हलवा, प्रत्येक जागी फरशीवर चिकटपट्टीची खूण करा आणि डग्गा सर्वांत स्वच्छ वाजेल ती खूण कायम ठेवा.