पेशींची पकड आणि कर्करोगाचा प्रसार

जठराचे अस्तर किंवा स्तनातील दुग्धवाहिन्यांचा आतला थर एकसंध राहतो, तो मुख्यतः ई-कॅडहेरिन या प्रथिनामुळे. याचा रेणू पेशीपटलाच्या आरपार गेलेला असतो. बाहेरचे टोक शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूत गुंतते. आतले टोक कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीच्या ॲक्टिन तंतूंना जोडलेले असते. ही पकड कॅल्शिअमवर चालते. भोवतालच्या द्रवातले कॅल्शिअम काढून घेतले की रेणूचा बाहेरचा भाग ढिला पडतो आणि पेशी सुट्या होतात. जपानी संशोधक मासातोशी ताकेइची यांनी १९७०च्या दशकात कॅल्शिअमचे हे काम ओळखले. कॅडहेरिनांचा शोध त्यातूनच पुढे लागला.

ही पकड गेली तर काय होते, हे स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात स्पष्ट दिसते. त्यातील पेशींमध्ये ई-कॅडहेरिन बहुधा नसतेच. त्या एकामागोमाग एक अशा रांगेने ऊतीत शिरतात, टणक गाठ अनेकदा बनत नाही आणि मॅमोग्राफीतही आजार निसटू शकतो. ऊतीचा तुकडा तपासताना पॅथॉलॉजिस्ट ई-कॅडहेरिनचे रंजन करून पाहतात, ते याच कारणाने.

जठरातही असाच प्रकार घडतो. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या तरुण वयात जठराचा कर्करोग होत असे. त्यामागे ई-कॅडहेरिनच्या जनुकातील दोष असल्याचे १९९८ मध्ये सिद्ध झाले. असा दोष असलेल्यांना आजार दिसण्याआधीच जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. उपाय कठोर आहे. पण या कर्करोगाच्या विखुरलेल्या पेशी एंडोस्कोपीला सहज सापडत नाहीत.

मात्र ‘पकड सुटली की कर्करोग पसरला’ हे समीकरण अपुरे आहे. स्तनाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या डक्टल कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुतेक वेळा टिकून असते, तरीही तो पसरतो. उंदरांवरील प्रयोगांत रक्तातून एकेकट्या फिरणाऱ्या पेशींपेक्षा एकमेकींना धरून जाणारे पुंजके नवी गाठ कितीतरी अधिक वेळा रुजवतात, असे २०१४ मध्ये दिसले. २०१९ मध्ये तर उंदरांतील स्तनकर्करोगाच्या पेशींमधून ई-कॅडहेरिन काढल्यावर त्या आसपास अधिक शिरल्या, पण मरूही लागल्या आणि दूरच्या अवयवांतील गाठी घटल्या. थोडक्यात, सुटणे जितके उपयोगाचे, तितकेच टिकून राहणेही.

रक्तप्रवाहातून बाहेर पडण्यासाठी पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटावे लागते. तेथे सिलेक्टिन हे दुसरे रेणू कामाला येतात. एरवी ते पांढऱ्या पेशींना थोपवून सूज आलेल्या जागी उतरवतात. कर्करोगाच्या काही पेशी पृष्ठभागावर पांढऱ्या पेशींसारख्याच, सिलेक्टिनला चिकटणाऱ्या शर्करासाखळ्या धारण करून तीच सोय वापरतात. त्यांपैकी सायलिल लुईस-ए ही साखळी दवाखान्यात वेगळ्या नावाने परिचित आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी केली जाणारी ‘सीए १९-९’ ही रक्तचाचणी तिचेच प्रमाण मोजते. ज्यांचा लुईस रक्तगट नकारात्मक असतो त्यांच्या शरीरात ही साखळी जवळजवळ बनत नाही. म्हणून आजार असूनही त्यांचा अहवाल सामान्य येऊ शकतो.