‘अभ्यास कर’ म्हणजे नेमके काय कर?

‘घरी गेल्यावर अभ्यास करा’ हे वाक्य आपण शिक्षक वर्षभरात किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद कोणी केलेली नाही. वाक्य साधे आहे, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. घरी अभ्यासाला जागा आहे ही एक, आणि अभ्यास करायचा म्हणजे काय करायचे हे मुलाला ठाऊक आहे ही दुसरी. परळ, लालबाग, गिरगावातल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत पहिली गोष्ट कित्येक पिढ्या खरी नव्हती. दुसरी तर चाळीत काय आणि ब्लॉकमध्ये काय, क्वचितच खरी असते. गेल्या चार दशकांत शैक्षणिक मानसशास्त्राने या दुसऱ्या गोष्टीचा बराच शोध घेतला आहे. त्या संशोधनाला नाव आहे ‘स्वनियंत्रित अध्ययन’. नाव जड आहे, पण आशय जड नाही: आपल्या शिकण्याची सूत्रे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाती घेणे.

अमेरिकेतील बॅरी झिमरमन आणि मॅन्युएल मार्टिनेझ-पॉन्स यांनी १९८६ साली दहावीच्या ८० विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील ४० अभ्यासात पुढे असलेल्या तुकड्यांतले, तर ४० मागे पडलेल्या तुकड्यांतले होते. प्रश्न अगदी घरगुती होते. घरी गृहपाठ करताना तू काय करतोस? परीक्षा जवळ आली की काय करतोस? अभ्यासाचा कंटाळा आला तर काय करतोस? उत्तरांची विभागणी संशोधकांनी १४ प्रकारच्या कृतींत केली. आज किती करायचे ते ठरवणे, नोंदी ठेवणे, अडल्यास सोबत्याला, शिक्षकांना किंवा मोठ्या माणसाला विचारणे, जुनी प्रश्नपत्रिका पुन्हा पाहणे, आपले काम आपणच तपासणे, अभ्यासासाठी शांत जागा शोधणे अशा त्या कृती होत्या. १४ पैकी १३ कृतींत पुढच्या तुकड्यांतली मुले स्पष्टपणे सरस निघाली. कोण कोणत्या गटातला हे केवळ या उत्तरांवरून ९३ टक्के वेळा बरोबर ओळखता आले. अर्थात या कृतींमुळे मुले हुशार झाली, की हुशार मुलांना त्या सुचल्या, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. पण ज्याला आपण ‘मुळातच अभ्यासू’ म्हणून मोकळे होतो, त्याचे अभ्यासूपण सांगता येण्याजोग्या लहान लहान कृतींचे बनलेले असते, एवढे तरी यातून दिसले.

त्या यादीतील ‘जागा शोधणे’ ही कृती परदेशी संशोधकाला १४ पैकी एक वाटेल. गिरणगावात मात्र तिचा क्रमांक पहिला. बाबासाहेब आंबेडकरांच्या शालेय जीवनाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आंबेडकर कुटुंब परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत राहत होते. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या खोलीतील व्यवस्था वाचायला मिळते. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे, वडील रामजी यांनी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि स्वतः आडवे व्हायचे. खोलीत एकांत नव्हता, म्हणून तो वेळेतून काढला गेला. शाळा सुटल्यावर वाचायला जागा हवी म्हणून हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसे. तेथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची नजर त्याच्यावर गेली आणि ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

ही हकीकत आपण सहसा जिद्दीची कथा म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण वर्गातल्या मुलाला ‘जिद्द धर’ असे सांगून त्याने उद्या सकाळी नेमके काय करायचे? आमच्या मते या हकीकतीत शिकवण्याजोगे आहे ते वेगळेच. वेळ आखलेली होती, जागा हेरलेली होती, मदत करणारा प्रौढ माणूस मिळाला होता. शिवाय नियंत्रणाची सुरुवात मुलाने एकट्याने केली नव्हती. पहाटेचा गजर वडील होते. आधी दुसऱ्याने लावलेली शिस्त हळूहळू स्वतःची होते, हेच पुढे संशोधकांनीही सांगितले आहे.

जागेची ही शोधाशोध पुढेही चालू राहिली. वरळीच्या बीडीडी चाळींत एका कुटुंबाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची खोली आली. त्या चाळींजवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गावर, पदपथावर आणि दिव्याच्या उजेडात मुले वर्षानुवर्षे अभ्यासाला बसत आली आणि त्या रस्त्याला ‘अभ्यास गल्ली’ हेच नाव पडले. हे नाव कोणा शिक्षणतज्ज्ञाने दिलेले नाही.

जागा मिळाली, वेळ मिळाला. आता तेथे बसून मूल काय करते? बहुतेक मुले वाचतात, पुन्हा वाचतात, ओळींखाली रेघा मारतात आणि पुटपुटत पाठ करतात. येथेच सगळ्यांत मोठी फसगत होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. त्यानंतर काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के मजकूर त्यांच्या लक्षात होता, लिहून काढणाऱ्यांच्या ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरले होते, लिहून काढणाऱ्यांकडे ५६ टक्के. गंमत अशी की वारंवार वाचणाऱ्यांना आपल्या लक्षात जास्त राहील याची खात्रीही अधिक वाटत होती. ओळखीचा झालेला मजकूर आणि येत असलेला मजकूर यांतला फरक वाचताना कळत नाही. पुस्तक मिटल्यावरच कळतो. पहाटे दोनला उठून सहा वेळा धडा वाचणाऱ्या मुलाला परीक्षेत काही आठवले नाही, तर तो ‘माझे डोकेच नाही’ असा निष्कर्ष काढतो. दोष पद्धतीचा असतो, आणि ती पद्धत त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

‘माझे डोकेच नाही’ हे वाक्य प्रेरणेच्या प्रश्नाशी येऊन भिडते. आपण हे करू शकतो हा विश्वास डळमळला की माणूस प्रयत्नच सोडतो, हे अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ पासून आग्रहाने मांडले. १९८१ साली त्यांनी आणि डेल शंक यांनी गणितात फार मागे असलेल्या मुलांना वजाबाकीची ४२ पाने दिली. काही मुलांना सांगितले, सात बैठकींत सगळी पुरी करा. काहींना सांगितले, दर बैठकीला सहा पाने करा. गणित एकच, पाने तितकीच. पण सहा पानांचे उद्दिष्ट मिळालेली मुले वजाबाकी अधिक चांगली शिकली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि नंतर मोकळ्या वेळेत ती आपणहून वजाबाक्या सोडवू लागली. आपण आठवीतल्या मुलाला ‘दहावीला फर्स्ट क्लास’ हे उद्दिष्ट देतो. ते त्याच्या दृष्टीने ४२ पानांहून कितीतरी लांबचे आहे.

मग बक्षिसांचे काय? लालबाग-परळमध्ये मंडळांतर्फे गुणवंतांचे सत्कार होतात, आणि त्यांत वाईट काही नाही. मात्र मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ सालचा बालवाडीतला प्रयोग लक्षात ठेवावा. चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिले. एक-दोन आठवड्यांनी ही मुले मोकळ्या वेळेत इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांत ही घट आढळली नाही. म्हणजे कौतुक करावे, सौदा करू नये. ज्याला विषयात मुळी रसच नाही त्याच्याबद्दल मात्र हा प्रयोग काही सांगत नाही, आणि आपल्या वर्गात तशी मुले पुष्कळ असतात.

त्यांच्यासाठी एक जवळचा दाखला आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झाले, आणि आरंभीची अनेक वर्षे त्याचे काम गिरगावलगतच्या नाना चौकातील महापालिका शाळेतून चाले. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८०च्या दशकात महापालिका शाळांतील मागासवर्गीय विद्यार्थ्यांबरोबर काम केले. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा, प्रश्न विचारण्याची नसलेली सवय, घरून न मिळणारी मदत हे अडथळे एकेक करून दूर केले की मुलांची प्रगती होते, असे त्यांना दिसले. ज्या वाक्याचा अर्थच लागत नाही, ते आपल्याला समजले का हे मूल तपासणार तरी कसे?

वर्गात हे कसे आणावे? वेगळा तास लागत नाही. चाचणीच्या आधी प्रत्येकाने किती गुण मिळतील याचा अंदाज उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात लिहावा. पेपर परत मिळाल्यावर अंदाज कुठे आणि का चुकला, हे दोन ओळींत लिहावे. तासाची शेवटची पाच मिनिटे पुस्तक मिटून, आठवेल ते लिहिण्यासाठी ठेवावीत. फळ्यावर गणित सोडवताना शिक्षकाने आपला विचार मोठ्याने बोलावा, अडखळणेही लपवू नये. रात्रशाळांत तर हे तासातच बसवावे लागेल. दिवसभर दुकानात किंवा कॅन्टीनमध्ये राबून आलेल्या विद्यार्थ्याला ‘घरी जाऊन कर’ असे म्हणता येत नाही.

सुरुवातीला मुलांचे अंदाज फार चुकतात. कच्ची मुले बहुधा जास्त गुण लिहितात, काही हुशार मुली उगाच कमी लिहितात. त्यावर शेरे मारू नयेत. दोन-तीन चाचण्यांनंतर फरक कमी होऊ लागला की ‘आज किती करायचे’ हे ठरवण्याचे काम त्या मुलाकडे सोपवावे, आणि शिक्षकाने आठवड्यातून एकदाच त्याची वही पाहावी.