वीज पडलेल्याला हात लावा

एप्रिल-मेच्या दुपारी कसबा बावड्याची उसाची रानं तापतात. जमिनीलगतची दमट हवा हलकी होऊन वर चढते आणि बघता बघता १०-१२ किलोमीटर उंचीचा वळवाचा ढग उभा राहतो. त्याच्या पोटात, शून्याखाली १० ते २० अंशांच्या थंडीत, बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. हा ताण हवेला पेलवेनासा झाला की वीज कोसळते. तिच्या वाटेतली हवा ३०,००० अंशांच्या आसपास तापून एकदम फुगते, तोच गडगडाट.

पंचगंगेकाठच्या शेतातली माणसं अशा वेळी झाडाखाली धावतात, आणि नेमकं तेच घातक. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर झेप घेते. पक्कं घर किंवा बंद मोटार गाठावी.

वीज लागलेल्याच्या अंगात वीज उरत नाही. तरी लोक शिवायला कचरतात, आणि मोलाची मिनिटं तिथेच जातात. थांबलेलं हृदय कधी आपोआप पुन्हा सुरू होतं, श्वास मात्र बंदच राहतो. १०८ ला फोन करून लगेच छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं सुरू करावं. अनेकजण पडले असतील, तर निपचित पडलेल्याकडे आधी धावावं. कण्हणारा बहुधा वाचतो.