अतिसक्रिय मूत्राशय आणि उपनगरी दिनक्रम

बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या धिम्या लोकलला एक तासाहून अधिक वेळ लागतो आणि तिच्या डब्यांत स्वच्छतागृह नसते. अतिसक्रिय मूत्राशयाचा त्रास असणाऱ्या अध्यापकाचा सारा दिनक्रम या एका गोष्टीभोवती फिरू लागतो. या विकारात मूत्राशय पुरेसे भरण्यापूर्वीच त्याचा स्नायू आकुंचन पावतो. म्हणून वारंवारतेपेक्षा अचानक उद्भवणारी, आवरण्यास कठीण अशी तातडी हे त्याचे प्रमुख लक्षण होय.

यावर प्रवासी, विशेषतः स्त्रिया, दोन उपाय आपणच योजतात : दिवसभर पाणी टाळणे आणि संधी मिळेल तेथे, गरज नसतानाही, जाऊन येणे. सार्वजनिक स्वच्छतागृहांची अवस्था पाहता यात त्यांना दोष देता येत नाही. २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली ती याच प्रश्नावर. तथापि दोन्ही उपाय विकार वाढवू शकतात. पाण्याअभावी मूत्र गडद होऊन मूत्राशयास चेतवते व बद्धकोष्ठता वाढते. वारंवार रिकामे केल्याने अल्प साठ्यावरच संवेदना होण्याची सवय जडते.

मूत्राशयाचे प्रशिक्षण याच्या नेमके उलट आहे. प्रथम तीन दिवस पेय आणि मूत्रविसर्जनाच्या वेळांची नोंद ठेवावी. सध्याचे अंतर एक तासाचे असेल तर दर आठवड्यास ते सुमारे १५ मिनिटांनी वाढवत तीन-चार तासांपर्यंत न्यावे. घंटेनुसार जगणाऱ्या अध्यापकास हे इतरांपेक्षा सोपे जावे : आज एका तासिकेनंतर, काही आठवड्यांनी दोन तासिकांनंतर. मधेच तातडी आल्यास धावू नये. स्तब्ध राहून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू काही वेळा आवळावेत, लाट ओसरू द्यावी. पाणी दिवसभर विभागून प्यावे, निजण्यापूर्वी दोन-तीन तास कमी करावे. चहा-कॉफीतील कॅफीन तातडी वाढवते, तेव्हा प्राध्यापक कक्षातील तिसरा चहा सोडणे श्रेयस्कर (हे लिहिणे सोपे, याची जाणीव आहे).

येथे चरकसंहितेतील 'नवेगान्धारणीय' अध्यायाची आठवण होऊन वेग रोखावा कसा, अशी शंका येईल. परंतु तेथील निषेध नैसर्गिक वेगाच्या धारणाचा आहे. येथे प्रश्न अकाली उठणाऱ्या वेगाचा आहे.

सुधारणेस सहा ते बारा आठवडे लागू शकतात. मात्र मूत्रात रक्त, जळजळ, ताप, अतितहान किंवा मूत्रविसर्जनास अडथळा असल्यास हे प्रयोग न करता प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.