रेशनचे धान्य आणि बाळाची वाटी

इंदूरसारख्या शहरात बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या गरीब मातांची एक मागणी ठरलेली असते. मूल कृश असते, चिडचिडे असते, वारंवार आजारी पडते, आणि माता म्हणते, “डॉक्टरसाब, ताकत की दवाई लिख दीजिए.” मागणी रास्त आहे, कारण मुलाला ताकद हवी हे तिने अचूक ओळखलेले असते. ती ताकद मात्र औषधाच्या बाटलीत नसते. अन्नातून ती मिळावी यासाठी शासनाने दोन दारे उघडी ठेवली आहेत. एक रेशनचे दुकान, ज्याला आपल्याकडे आजही ‘कंट्रोल’ म्हणतात, आणि दुसरे अंगणवाडी. तेथे काय मिळते, काय मिळत नाही आणि आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी त्यात कोठे लक्ष घालावे, याचा येथे थोडा विचार करू.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के व शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत धान्याचा हक्क पोहोचविण्याची तरतूद केली. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. २०२० च्या टाळेबंदीत हातावर पोट असलेल्या असंख्य घरांच्या चुली या धान्यानेच पेटत्या ठेवल्या, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु थोडा हिशेब करून पाहावा. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून साडेपाचशेच्या आसपास कॅलरी आणि धान्य गहू असल्यास सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने मिळतात. कष्टकरी प्रौढाच्या गरजेचा हा जेमतेम चौथा हिस्सा. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. ही उणीव डाळ भरून काढते. कायद्याने हक्क दिला आहे तो तृणधान्याचा. डाळ, तेल, दूध, भाजी यांसाठी बहुतांशी बाजारच गाठावा लागतो, आणि मजुरी बुडाली की प्रथम याच वस्तूंवर गदा येते.

मोठी माणसे दोन पोळ्या अधिक खाऊन वेळ निभावून नेतात; वर्षाच्या बाळाला ते शक्य नसते. स्तनपान चालू असलेल्या बाळाला सहा ते आठ महिन्यांच्या वयात वरच्या आहारातून सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५०. त्याच्या जठरात मात्र वजनाच्या दर किलोमागे एका वेळी सुमारे ३० ग्रॅम अन्नच मावते. त्यामुळे वरणाच्या पाण्याने बाळाचे पोट भरते, पण वजन वाढत नाही. घट्ट खिचडी, तीत एक लहान चमचा तेल वा तूप (त्यातच ४५ कॅलरी आल्या), थोडे शेंगदाण्याचे बारीक कूट, आणि असे खाणे दिवसातून तीन-चार वेळा, हेच त्याचे खरे टॉनिक होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ६ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी केवळ ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मधील ४२.८ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले, ही समाधानाची गोष्ट. तरीही दर तीन मुलांमागे एक मूल उरतेच.

या वयासाठीच अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून आज तीन वर्षांखालील मुलांना घरी नेण्याचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिजवलेले अन्न आणि गर्भवती व स्तनदा मातांना पूरक आहार मिळतो. येथे रेशन कार्डाची अट नाही. दारिद्र्यरेषेची अट लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले, आणि २००६ मध्ये ही सेवा प्रत्येक बालकापर्यंत नेण्याचा आदेश दिला.

अडचण पुढे येते. बाळाचे पाकीट घरी आले की ते चार भावंडांत वाटले जाते. आई कामावर, भरविणारी सात-आठ वर्षांची बहीण. झाबुआ-अलीराजपूरकडून येथे बांधकामावर आलेल्या कुटुंबाचे कार्ड गावाकडे असते; त्याच कार्डावर इंदूरमध्येही धान्य उचलता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१५ मध्ये राज्यातील काही आदिवासीबहुल जिल्ह्यांच्या अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. शासनाने तो स्वीकारला नाही. ज्या घरात अंडे चालते, तेथे ते बाळाला द्या, एवढे तरी आपण निःसंकोच सांगावे.

आपल्या व्यवसायबंधूंना माझी विनंती साधी आहे. अशा प्रत्येक मुलाच्या आईला तीन प्रश्न विचारावेत. कार्डावर घरातल्या सर्वांची नावे आहेत का? अंगणवाडीत नाव नोंदविले आहे का? दुपारी बाळाला कोण भरविते? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजावा. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजावे. त्यात भूक मंदावली असेल, अंगावर सूज किंवा अन्य गुंतागुंत असेल, तर मुलास पोषण पुनर्वास केंद्रात पाठवावे. तेथे आई मुलासोबत राहू शकते आणि तिच्या बुडालेल्या मजुरीची काही भरपाईही मिळते, हे सांगितल्यावाचून ती जाण्यास राजी होत नाही.

समाजातील इतर मंडळींनीही आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना हेच तीन प्रश्न विचारावेत. अर्ज भरावयास, नाव चढवावयास कोणी शिकलेला माणूस सोबत गेला तर महिनोन् महिने अडलेले काम पुष्कळदा मार्गी लागते.

प्रथिनाच्या एका डब्याच्या किमतीत लहान मुलाची महिन्याभराची डाळ, तेल आणि शेंगदाणे येतात. ज्या घरात मजुरी रोजची आहे, तेथे चिठ्ठीवर तो डबा लिहिण्यापूर्वी हा हिशेब आईसमोर मांडावा, आणि त्याच चिठ्ठीवर तिला समजेल अशा हिंदीत अंगणवाडीचा वार व खिचडीची कृती लिहून द्यावी.