आधी धुणं, मग वाफ

शस्त्रक्रियेची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये घातली की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. शार्ल शांबरलां या फ्रेंच संशोधकाने 1879 मध्ये बनवलेलं हे यंत्र आजही भरवशाचं आहे. 121 अंश सेल्सियसची दाबाखालची वाफ पुरेसा वेळ मिळाला तर जिवाणूंचे चिवट बीजाणूही मारते. पण वाफ त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि वाळलेल्या रक्ताच्या थराखाली ती नीट पोहोचत नाही.

खरी अडचण हत्यारांच्या सांध्यांत आणि पोकळ्यांत. आर्टरी फोर्सेप्सच्या खिळीची फट, सक्शनच्या नळीची अरुंद पोकळी... तिथे नजर जात नाही, ब्रशही मुश्किलीनेच. म्हणून वापरलेलं हत्यार वाळू द्यायचंच नाही. आणि सुरुवातीला कढत पाणी तर मुळीच नको. रक्तातली प्रथिनं त्याने गोठतात आणि अंडं तव्याला धरावं तशी धातूला धरून बसतात. आधी थंड पाणी, मग प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचं द्रावण आणि ब्रश. फटींसाठी अल्ट्रासॉनिक यंत्र: त्यातल्या ध्वनिलहरींमुळे द्रावणात सूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात आणि मळ उचकटून काढतात. हत्यारं सलाइनमध्ये भिजत ठेवायची सवय मात्र वाईटच. त्यातल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत पुन्हा मळ.

हत्यारं ज्या पाकिटात घालून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात, त्यावरची रंग बदलणारी पट्टी? पाकिटाला यंत्रातली उष्णता लागली, एवढंच ती सांगते. आतलं हत्यार धुतलं होतं की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.