चाकाचे माप

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जिला काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणता येईल अशी दोन दारांची, बुटकी, जमिनीला पोट टेकवून धावणारी गाडी दृष्टीस पडणे हा दुर्मिळ योग होय. नागपूरहून हैदराबादेकडे निघालेली एखादी तशी गाडी पांढरकवड्याजवळ ४४ क्रमांकाच्या महामार्गावर क्षणभर चमकते, आणि टपरीवरील मंडळी हातातला चहा तसाच ठेवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहतात, इतकेच. तथापि वेगाची हौस ही काही श्रीमंतांची मिरास नव्हे. शंकरपटात हलकी रेंगी उधळत नेणाऱ्या धुरकऱ्याच्या अंगी जी रग असते, तीच चाकणच्या कारखान्यात घडलेली फोक्सवॅगन पोलो जीटी विकत घेणाऱ्या तरुणाच्या अंगी असते. आणि गाडी दारात उभी राहिली की महिन्याभरात त्याला तिची मूळची चाके बाळबोध वाटू लागतात.

माझ्या एका भाच्याची कैफियत अशीच आहे. त्याने एक जुनी पोलो घेतली आणि तिची पंधरा इंची चाके काढून, परगावच्या एका दुकानातून, सतरा इंची, काळ्या रंगाची, पातळ आऱ्यांची अलॉय चाके बसवून आणली. गाडी देखणी दिसत होती यात वाद नाही. मात्र ताशी नव्वद किलोमीटरचा वेग गाठताच स्टिअरिंग असे थरथरू लागे, की कळंबपर्यंत जाऊन येणाऱ्याचे हात मुंग्यांनी भरून जावेत. दुकानदाराने दोनदा बॅलन्सिंग करून दिले, दोनदा त्याचे पैसे घेतले, आणि अखेरीस सगळा दोष आमच्या रस्त्यांच्या माथी मारला.

खरा दोष कोठे होता हे सांगण्यापूर्वी जुन्या बंडीच्या चाकाचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. मधला लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी त्याची रचना. सुतार-लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी बेतीत, गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करून चाकावर चढवीत आणि लगोलग पाणी ओतीत. लोखंड आकसले की सगळे सांधे करकचून बसत. तुंब्याचे छिद्र आणि कण्याचे टोक यांचा मेळ नसेल तर चाक लचकत चालते, हे त्या कारागिरांना कोणी शिकवावे लागत नसे. मोटारीच्या चाकाचे शास्त्र याहून फारसे निराळे नाही. फरक इतकाच, की तेथे बोटांचा अंदाज चालत नाही, मिलिमीटरचा हिशेब लागतो.

चाक गाडीच्या हबवर ज्या बोल्टांनी आवळले जाते, त्यांची छिद्रे एका कल्पित वर्तुळावर समान अंतराने पाडलेली असतात. त्या वर्तुळाच्या व्यासाला दुकानी भाषेत पीसीडी म्हणतात. पोलोला पाच छिद्रे आणि १०० मिलिमीटरचे वर्तुळ लागते. मारुती स्विफ्टचे वर्तुळही १०० मिलिमीटरचेच, परंतु छिद्रे चार. आणि पूर्वी रांजणगावात बनत असलेल्या फियाट पुंटोला छिद्रे चार, पण वर्तुळ ९८ मिलिमीटरचे. छिद्रांच्या संख्येतील चूक डोळ्यांना तत्काळ दिसते. दोन मिलिमीटरांची ती दुसरी चूक मात्र घातकी, कारण स्विफ्टचे चाक पुंटोला जोर लावून बसवता येते, बसल्यासारखे दिसतेही, आणि प्रत्यक्षात बोल्ट तिरके होऊन त्यांच्यावर अखंड ताण राहतो. आमच्या शकुंतला रेल्वेचे अडीच फुटी रुळांचे डबे ब्रॉडगेजवर चढवावेत असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल, कारण तेथे विजोड ढळढळीत दिसतो. दोन मिलिमीटरांचा विजोड कोणाला दिसावा?

भाच्याच्या चाकांची छिद्रे आणि वर्तुळ बिनचूक होते. चूक होती ती चाकाच्या ऐन मध्यभागी असलेल्या मोठ्या भोकात. पोलोच्या हबचा गोल उंचवटा ५७.१ मिलिमीटरचा, मूळ चाकाचे भोक तितकेच असते आणि ते उंचवट्यावर घट्ट बसून चाकाला केंद्रात धरते. बाजारात मिळणारी अलॉय चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे भोक पुष्कळदा ७३.१ मिलिमीटरचे ठेवतात. मधल्या पोकळीत त्या मापाचे कडे बसवले नाही, तर चाक केवळ बोल्टांच्या भरवशावर लटकते आणि केंद्रापासून केसभर ढळले तरी थरथरते. ते कडे क्षुल्लक किमतीला मिळते. दुकानदाराने ते दिले नव्हते, आणि भाच्याला ते मागावयाचे असते हे ठाऊक नव्हते. शिवाय फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टांचा माथ्याखालचा भाग गोलाकार असतो, तर बाजारी चाकांना बहुधा शंकूच्या आकाराचे बोल्ट लागतात. गोलाकार बोल्ट शंकूच्या खळग्यात आवळले की अगदी थोड्या जागेवर टेकतात आणि यथावकाश सैल होतात. या एका बाबतीत मी कोणाचाही मुलाहिजा ठेवणार नाही: चाकासोबत त्याच्या जातीचे बोल्ट न देणाऱ्या दुकानातून चाक घेऊ नये.

ऑफसेट नावाचे आणखी एक प्रकरण आहे. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि ते हबला जेथे टेकते तो पृष्ठभाग यांमधील अंतर म्हणजे ऑफसेट; चाकावर ते ईटी या अक्षरांपुढे कोरलेले असते. समजा, सहा इंच रुंदीचे, ईटी ४० चे चाक काढून साडेसात इंचांचे, ईटी ३५ चे बसवले. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिलिमीटरने वाढली. तिचा निम्मा भाग आत आणि निम्मा बाहेर जावा, पण ऑफसेट पाचाने घटल्यामुळे चाक बाहेर २४ आणि आत १४ मिलिमीटर सरकते. एकटा चालक असताना सर्व काही सुरळीत भासते. चार माणसे आणि लग्नाचे सामान भरून गतिरोधकावरून उतरताना टायर चाकावरच्या पत्र्याला घासला, म्हणजे हा हिशेब आठवतो.

टायरच्या अंगावर जो मजकूर छापलेला असतो तो एका दृष्टीने त्याचा सात-बाराच होय. १८५/६० आर १५ ८४ म्हणजे १८५ मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १११ मिलिमीटर उंचीची बाजू, रेडियल बांधणी, पंधरा इंची रिम आणि ५०० किलो भार पेलण्याची क्षमता. रिमचा व्यास आणि बाजूची दुप्पट उंची मिळवली की टायरची उंची निघते: ६०३ मिलिमीटर. नव्या टायरची उंची याच्या आसपास राहिली पाहिजे, अन्यथा वेगमापक खोटे बोलू लागतो. १९५/६० आर १५ घेतला तर उंची ६१५ होते, आणि काट्याने शंभर दाखवले असता गाडी वास्तविक त्यापेक्षा दोन टक्के अधिक वेगाने धावत असते. हे चालण्यासारखे आहे. भाच्याचे २०५/४० आर १७ उंचीच्या दृष्टीने जवळजवळ जुळत होते, ५९६ भरत होते. पण बाजू राहिली होती ८२ मिलिमीटरची. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये जी हवेची उशी असते, तिच्यातून २९ मिलिमीटर त्याने पैसे देऊन कापून घेतली होती.

मुंबई-पुण्याच्या द्रुतगती मार्गावर ती उशी नसल्याचे कदाचित जाणवणारही नाही, वळणावर गाडी अधिक ठाम वाटेल. आमच्याकडे काळ्या कापसाळ जमिनीवर बांधलेला रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसून भेगाळतो, आणि वणीकडे कोळशाचे अवजड ट्रक त्याची उरलीसुरली रया घालवतात. कडे बसवून थरथर थांबली, भाचा खूष झाला, आणि पुढच्याच श्रावणात वणीच्या वाटेवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात त्याच्या पुढच्या डाव्या चाकाला तडा गेला. लोखंडी चाक वाकते आणि ठोकून वापरता तरी येते. ओतीव अलॉय तडकते, आणि तडकलेले अलॉय वेल्डिंग करून महामार्गावर नेणे हा जिवाचा जुगार आहे.

भाराचा आकडाही तपासावा. २०५/४० आर १७ साधा घेतला तर त्याचा निर्देशांक ८० असतो, म्हणजे ४५० किलो. ८४ हवा असेल तर एक्सएल अशी खूण असलेला घ्यावा लागतो, आणि त्यात हवाही अधिक ठेवावी लागते. पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या आमच्या मे महिन्यात कमी हवेचा टायर बाजूने सारखा दबून तापतो आणि फुटतो. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी. टायरवरील चार अंकी आकड्यावरून त्याचे वय कळते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा कोरा टायर पुष्कळदा गोदामातच म्हातारा झालेला असतो.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि १९८९ च्या नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरवरील नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ चालत नाही. चाके बदलण्याचे ठरल्यास विमा कंपनीस आधी लेखी कळवावे.

चालकाच्या बाजूचे दार उघडले असता चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या अंगास बहुधा एक चिठ्ठी चिकटवलेली आढळते. गाडीला मान्य असलेली टायरची मापे आणि हवेचा दाब तीत नमूद असतो. खरेदीस निघण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, आणि छिद्रे, वर्तुळ, मधले भोक, ऑफसेट आणि बोल्टांची जात हे पाचही तपशील पावतीवर लिहून मागावेत. भाच्याची गाडी सांप्रत पंधरा इंची मूळ चाकांवर, १९५/६० च्या टायरांनिशी धावते. त्याची तीन सतरा इंची चाके आमच्या माळ्यावर पडून आहेत. चौथे भंगारात गेले.